शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. टर्म इन्शुरन्स मिळेल का?

चाळिशी ओलांडताना ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये साखर वाढलेली निघते, डॉक्टर मेटफॉर्मिन सुरू करतात आणि त्याच आठवड्यात लक्षात येतं की टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू आला तर घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा, घ्यायचा राहूनच गेला. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, आता तुला कोण विमा देणार? दुसरा म्हणतो, घे की, फक्त फॉर्मवर साखरेचं लिहू नकोस. पहिलं ऐकून माणूस विम्याच्या वाटेलाच जात नाही. दुसरं ऐकून विमा घेतो, हप्ते वेळेवर भरतो, आणि नको ती वेळ आली की घरच्यांच्या हातात क्लेम नाकारल्याचं पत्र पडतं. यातला दुसरा सल्ला जास्त घातक आहे. विमाच नाही हे माहीत असेल तर माणूस दुसरी काहीतरी तरतूद करतो. खोट्या फॉर्मवर घेतलेली पॉलिसी मात्र सगळ्या घराला निर्धास्त करून ठेवते.

खरं तर आटोक्यात असलेला मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड एवढ्या कारणाने आयुर्विमा सहसा नाकारला जात नाही. हप्ता वाढू शकतो, कधी विम्याची रक्कम कमी केली जाते, कधी सहा महिने थांबायला सांगतात. हे सगळं कशावर ठरतं आणि आपल्या बाजूने काय करता येतं, ते पाहू.

मेडिक्लेमचा नियम इथे लावू नका

‘आधीपासूनचा आजार’ हा शब्द बहुतेकांनी मेडिक्लेमच्या संदर्भात ऐकलेला असतो. तिथे अशा आजाराच्या खर्चासाठी थांबावं लागतं. एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे, त्याआधी ४८ महिने होती. त्यावरून अनेकांना वाटतं की आयुर्विम्यातही पहिली तीन वर्षं मधुमेहाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत.

आयुर्विम्यात तसं नसतं. तुम्ही आजार सांगितलात, कंपनीने तपासण्या केल्या, वाढीव हप्ता लावून पॉलिसी दिली आणि जोखीम सुरू झाली, की त्याच आजाराने दुसऱ्या महिन्यात मृत्यू आला तरी पूर्ण रक्कम देय होते. नेहमीच्या टर्म पॉलिसीत सगळ्यांना लागू असलेला मोठा अपवाद म्हणजे पहिल्या १२ महिन्यांतली आत्महत्या. काही विशिष्ट योजनांत सुरुवातीचे ३० किंवा ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण असतं. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

म्हणजे मेडिक्लेम कंपनी आजारी माणसाला आत घेऊन थांबायला लावते. आयुर्विमा कंपनी दारातच पारख करते आणि एकदा आत घेतलं की आजारानुसार भेद करत नाही. म्हणूनच दारात काय सांगितलं याला इतकं महत्त्व आहे.

कंपनी नेमकं काय मोजते

अर्जाची पारख करणाऱ्याला अंडररायटर म्हणतात. तुम्ही कधी बरे होणार हा प्रश्न त्याच्यासमोर नसतो. तुमच्या वयाच्या निरोगी माणसांच्या तुलनेत, तुमच्यासारख्या हजार जणांमध्ये पॉलिसीच्या मुदतीत किती जास्त मृत्यू होतील, एवढंच तो पाहतो. त्यासाठी गुणांची पद्धत वापरतात. निरोगी माणूस म्हणजे १००. प्रत्येक जोखमीसाठी त्यात भर पडते आणि चांगल्या गोष्टींसाठी थोडी वजाबाकी होते.

कल्पनेतलं एक उदाहरण घ्या. वय ४५, मधुमेहाचं निदान चार वर्षांपूर्वी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.९. त्यासाठी समजा ५० गुण वाढले. रक्तदाब एका गोळीवर १३०/८४ आहे, त्याचे २५. वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त, आणखी २५. एकूण झाले २००, म्हणजे निरोगी माणसाच्या दुप्पट जोखीम. स्ट्रेस टेस्ट उत्तम आली आणि कोलेस्टेरॉल काबूत असेल तर यातले काही कमी होतात. प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं असतं, म्हणून एकीने ५० टक्के वाढ लावलेल्या माणसाला दुसरी १०० टक्के लावते. यात फसवणूक काही नाही. दोघींचे पुनर्विमा करार (विमा कंपनीने स्वतःची जोखीम दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याचे करार) आणि अनुभव वेगळे असतात.

पण ही निव्वळ बेरीज नसते. काही गोष्टी एकत्र आल्या की एकमेकींना भारी करतात. मधुमेह आणि तंबाखू, किंवा मधुमेह आणि लघवीत प्रथिनं, अशी जोडी दिसली की अंडररायटर हात आखडता घेतो, कारण त्याला पुढचं मूत्रपिंडाचं आणि हृदयाचं दुखणं दिसत असतं. निदानाचं वयही फार महत्त्वाचं. बावन्नाव्या वर्षी लागलेला मधुमेह आणि अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेला मधुमेह यांची साखर आज सारखी असली, तरी दुसऱ्याच्या शरीराने तो जास्त वर्षं सोसायचा असतो. टाइप १ मधुमेह असलेल्यांना टर्म पॉलिसी मिळणं खरोखर अवघड आहे. त्यांनी नोकरीतल्या गटविम्याकडे आधी पाहावं.

अर्जाच्या आधीचे तीन महिने

एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवते. चाचणीच्या आधी आठ दिवस गोड सोडून तो आकडा हलत नाही. तीन महिने नीट पथ्य, चालणं आणि वेळेवर गोळ्या घेतल्या तर हलतो. साधारणपणे ७ च्या आत असेल तर बोलणी सोपी जातात, ८ च्या पुढे हप्ता चांगलाच वाढतो, आणि ९-१० च्या घरात बहुतेक कंपन्या ‘नंतर या’ म्हणतात. आकडा ८.६ असताना अर्ज टाकण्यापेक्षा तीन महिने मेहनत घेऊन ७.२ वर टाकणं कधीही चांगलं. तेवढ्या काळासाठी पुढे सांगितलेल्या, आरोग्य न विचारणाऱ्या योजनांतून थोडं संरक्षण घेता येतं.

एक बारकावा. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियामध्ये तो फसवा येतो, बऱ्याचदा कमी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल बराच आढळतो, तिथल्या अर्जदारांनी हे ध्यानात ठेवावं. अशा वेळी डॉक्टरांचं पत्र आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेच्या काही महिन्यांच्या नोंदी जोडाव्यात.

या काळात एक फाइल तयार करा: निदान झालं तेव्हाचा कागद, गेल्या दोन वर्षांचे एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतल्या मायक्रोअल्ब्युमिनचा आणि लिपिड प्रोफाइलचा अहवाल, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, चालू औषधांची चिठ्ठी, आणि कधी ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. कुटुंबाच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या. आजार कधीपासून, औषध कोणतं, डोस किती, नियमित येतात का, डोळे-मूत्रपिंड-हृदय यांवर परिणाम आहे की नाही. ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. कागद नसेल तर अंडररायटर वाईटच धरून चालतो.

अर्जाबद्दल आणखी एक. अनेक जण घाबरून एकदम चार-पाच कंपन्यांत ऑनलाइन अर्ज टाकतात. तसं करू नका. ‘तुमचा अर्ज कधी नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला गेला आहे का’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये असतो. एका ठिकाणचा नकार पुढच्या प्रत्येक ठिकाणी लिहावा लागतो आणि तो नडतो. त्यापेक्षा चांगला ब्रोकर गाठून, नाव न देता, तुमची माहिती दोन-तीन कंपन्यांच्या अंडररायटिंग विभागाला आधी विचारून घ्या. ब्रोकर अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकू शकतो आणि कायद्याने तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. वैयक्तिक एजंटला आयुर्विम्यात एकाच कंपनीचं काम करता येतं, त्यामुळे त्याच्याकडून तुलना मिळणार नाही.

फॉर्म: क्लेमचा निकाल इथेच लागतो

प्रपोजल फॉर्ममधला आरोग्याचा भाग स्वतः भरा. एजंट लॅपटॉपवर भरत असेल तर शेजारी बसा आणि प्रत्येक ‘नाही’ वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका. क्लेम नाकारले जातात ते बरेचदा आजारामुळे नाही, तर एजंटने घाईत सगळीकडे ‘नाही’ टिचकवल्यामुळे. तो ओटीपी म्हणजे तुमची सही असते.

प्रश्नांचे शब्द नीट पाहा. ‘तुम्हाला मधुमेह आहे का’ असं क्वचितच विचारतात. ‘कधी निदान झालं, उपचार घेतले किंवा सल्ला दिला गेला आहे का’ असं विचारतात. गेल्या पाच वर्षांत आठवड्यापेक्षा जास्त उपचार लागला का, कधीही हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी, निरीक्षणाखाली किंवा ऑपरेशनसाठी दाखल झाला होता का, प्रकृतीच्या कारणाने कामावर गैरहजर होता का, हेही असतं. इथे लोक सरळ मनाने चुकतात. आहार बदलून, वजन उतरवून डायबिटीस रिव्हर्स केलेला माणूस लिहितो, ‘मधुमेह नाही’. आज गोळी नाही हे खरं आहे, पण निदान झालं होतं. त्याने लिहायला हवं: ‘निदान २०२१, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा, जून २०२३ पासून औषध बंद, सध्या एचबीए१सी ५.९’. हे लिहिल्याने त्याची बाजू पक्की होते. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचं औषध चालू असेल तर तोही उपचारच. ‘फक्त काढा घेतो’ म्हणून सोडून देऊ नका.

तंबाखूच्या प्रश्नात सिगारेट एवढंच धरलं जात नाही. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना, मावा, तपकीर, सगळं त्यात येतं. गावाकडच्या कितीतरी बायका मिश्री लावतात आणि ‘व्यसन नाही’ असं मनापासून सांगतात. लघवीतल्या कोटिनिनच्या चाचणीत ती दिसते. मग प्रश्न हप्त्यापुरता राहत नाही, सगळ्या फॉर्मवरचा विश्वास जातो. आधीच्या सगळ्या आयुर्विमा पॉलिसीही लिहा, अगदी बंद पडलेल्याही. दुसरी पॉलिसी लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात योग्य ठरवलं होतं.

रकान्यात जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडा, किंवा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर तीच माहिती पाठवून ठेवा. एजंटला तोंडी सांगितलेलं पुरावा म्हणून उभं राहत नाही. विमा विकणारी व्यक्ती ही करार होण्यापुरती कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाईल असं विमा कायद्यात आहे, पण तुम्ही त्याला सांगितलं होतं हे सिद्ध कोण करणार? ज्याला माहीत होतं ती व्यक्ती तोवर हयात नसते.

अर्ज दिल्यापासून पॉलिसी हातात येईपर्यंत नवीन काही निघालं, समजा छातीत दुखलं म्हणून ईसीजी काढला, तर तेही कळवायचं. पॉलिसी सुरू झाल्यानंतर लागलेले आजार मात्र कळवण्याची गरज नसते.

मेडिकलचा दिवस

साधारण रक्त, लघवी, ईसीजी, डॉक्टरांची शारीरिक तपासणी, आणि रक्कम किंवा वय जास्त असेल तर ट्रेडमिल टेस्ट. दहा ते बारा तास उपाशी राहा, पाणी चालतं. बीपीची गोळी चुकवू नका. साखरेच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा, उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढू नका. स्नायूंवर ताण आला की एसजीओटी वाढतं आणि अंडररायटरला यकृताची शंका येते. दारू दोन-तीन दिवस आधीपासून बंद, नाहीतर ट्रायग्लिसराइड आणि जीजीटी चढतात. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल, किंवा पाळी चालू असेल तर तारीख बदलून घ्या, कारण लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी दिसतात. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, आणि त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा.

बऱ्याच कंपन्या आता फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांकरवी प्रश्न विचारतात. हे संभाषण रेकॉर्ड होतं. इंग्रजी-हिंदीत अडखळत ‘हो, हो’ करण्यापेक्षा मराठी बोलणारा डॉक्टर मागा. कॉलवर आजार स्पष्ट सांगितला असेल तर तेच रेकॉर्डिंग पुढे तुमच्या कुटुंबाचा पुरावा ठरतं.

‘मेडिकल मॅनेज करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कंपनीचं उत्तर आलं. त्याचा अर्थ काय

नेहमीच्या हप्त्यात स्वीकारलं तर प्रश्नच मिटला. बहुतेकदा येतं ते काउंटर ऑफर: हप्ता २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के जास्त. समजा एक कोटीच्या पॉलिसीचा मूळ हप्ता वर्षाला ₹२४,००० होता आणि ७५ टक्के वाढ लावली. हप्ता झाला ₹४२,०००. वर्षाला ₹१८,००० जास्त, वीस वर्षांत ₹३,६०,०००. रागाने ऑफर परत करण्याआधी हा आकडा एक कोटीसमोर ठेवून पाहा. परवडत नसेल तर रक्कम ७५ लाखांवर आणा, किंवा मुदत कमी करा. मुदतीचा उपाय फार कमी लोक वापरतात. मधुमेह असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाने ८५ वर्षांपर्यंत संरक्षण मागितलं तर कंपनी बिचकते. ६० किंवा ६५ पर्यंत मागितलं तर तोच अर्ज मान्य होऊ शकतो. मुलं मार्गी लागून गृहकर्ज फिटेपर्यंतचीच खरी गरज असते.

वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झाला आहे. टर्म पॉलिसीवर आधी १८ टक्के लागायचा. त्यामुळे पूर्वी ‘वाढीव हप्ता झेपणार नाही’ म्हणून सोडलेली ऑफर पुन्हा मागवून पाहायला हरकत नाही.

काही वेळा हप्ता न वाढवता रक्कम कमी करतात, किंवा गंभीर आजाराचा आणि हप्तामाफीचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) काढून टाकतात. मूळ पॉलिसी मिळत असेल तर रायडरसाठी अडून बसू नका. ‘पुढे ढकललं’ हे उत्तर म्हणजे नकार नव्हे. किती महिन्यांनी आणि कोणते अहवाल घेऊन यायचं ते लेखी मागा. नकार आला तर त्याचं कारण आणि वैद्यकीय अहवालांच्या प्रती मागा. कधीकधी त्या अहवालातूनच माणसाला आपलं क्रिएटिनिन वाढल्याचं पहिल्यांदा कळतं. ती माहिती विम्यापेक्षा मोठी आहे.

बाकीचे आजार, थोडक्यात

गोळीवर टीएसएच नॉर्मल असलेला थायरॉइड बहुतेक ठिकाणी नेहमीच्या हप्त्यात जातो. दम्यात दाखल व्हावं लागलं का आणि तोंडाने स्टिरॉइड घ्यावी लागली का, हे पाहतात. टीबीचा कोर्स पूर्ण होऊन काही महिने गेले आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर अडचण कमी. हिपॅटायटिस बी असल्यास यकृताच्या चाचण्या, विषाणूचं प्रमाण आणि सोनोग्राफी मागतात. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाल्यावर पहिले काही महिने कुणी उभं करत नाही. पुढे वय आणि हृदयाची पंपिंग क्षमता पाहून मोठ्या वाढीने काही कंपन्या विचार करतात, बऱ्याच करत नाहीत. कॅन्सरमध्ये प्रकार, टप्पा आणि उपचार संपून झालेली वर्षं या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून. एचआयव्हीबद्दल मात्र कायदाच आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विमागणिती (जोखीम आकड्यांनी मोजणाऱ्या) अभ्यासाचा आधार नसताना, केवळ एचआयव्ही आहे म्हणून विमा नाकारणं किंवा अन्यायाची वागणूक देणं त्यात मना केलं आहे.

दार बंदच झालं तर

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ₹४३६ भरून दोन लाखांचं संरक्षण मिळतं. बँक किंवा पोस्टातल्या खात्यातून, १८ ते ५० वयात सामील होता येतं, ५५ पर्यंत चालतं, वैद्यकीय तपासणी नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मेअखेरीस खात्यात पैसे नसले की संरक्षण तुटतं, आणि हे घरोघरी घडतं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असाल तर हे काम आजच करा.

पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय योजनेतून नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी वेगळा हप्ता कापत नाहीत आणि प्रकृतीही विचारत नाहीत. पण पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलेलं असावं. नोकरीतल्या गटविम्यातही एका मर्यादेपर्यंत तपासणी लागत नाही. नवीन नोकरी स्वीकारताना पगाराइतकंच हे विचारून घ्या. जादा रक्कम स्वखर्चाने घेण्याची सोय असेल तर ती रुजू झाल्याबरोबर घ्या, कारण ती खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

सरल जीवन विमा ही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवलेली टर्म योजना जानेवारी २०२१ पासून आहे. ५ ते २५ लाख रक्कम, वय १८ ते ६५, पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण. पण प्रकृतीची चौकशी इथेही होते.

गृहकर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्यापासून मात्र सावध. बँकेत पंचवीस सह्यांमध्ये एक ‘उत्तम आरोग्याचं घोषणापत्र’ असतं. ते न वाचता सही केली आणि तुम्हाला मधुमेह असेल, तर हप्त्याची रक्कम कर्जात मिळवली जाते, तिच्यावर व्याज भरता, आणि क्लेमच्या वेळी तेच घोषणापत्र समोर येतं. तो कागद बाजूला काढा आणि आजार लिहूनच सही करा.

तीन वर्षांचं कलम

‘तीन वर्षं काढा, मग कुणी काही करू शकत नाही’ हे वाक्य विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ वरून आलं आहे. सध्याच्या रूपात हे कलम सांगतं की तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येत नाही. तीन वर्षांच्या आत फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम जातो आणि हप्तेही जातात. फसवणूक नसून महत्त्वाची माहिती राहिली असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करायचे असतात. आणि ही माहिती कळली असती तर आपण पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे.

हे कलम प्रामाणिक माणसाच्या घरासाठी ढाल आहे. लपवणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये, कारण तीन वर्षं मोजली जातात ती पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख किंवा रायडरची तारीख, यांतली जी शेवटची असेल तिच्यापासून. सातव्या वर्षी हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, की घड्याळ शून्यावर. शिवाय पुन्हा सुरू करताना आरोग्याचं नवं घोषणापत्र लागतं आणि मधल्या काळात वाढलेला आजार त्यात लिहावा लागतो. आजारी माणसाने हप्ता चुकवणं म्हणूनच सगळ्यात महाग पडतं. सवलतीचे दिवस ३०, मासिक हप्त्याला १५. बँकेतून आपोआप हप्ता जाण्याची सोय करा आणि त्या खात्यात शिल्लक ठेवा.

पॉलिसी आल्यावर ३० दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर ती परत करता येते. त्या दिवसांत सोबत जोडलेली प्रपोजल फॉर्मची प्रत काढून आरोग्याचे प्रश्न पुन्हा वाचा. कुठे ‘हो’च्या जागी ‘नाही’ छापलं असेल तर लगेच लेखी दुरुस्ती कळवा आणि पोच घ्या.

क्लेमच्या वेळी

पहिल्या तीन वर्षांतला मृत्यू असेल तर चौकशी होणार हे गृहीत धरा. हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपर, मेडिक्लेमचे जुने क्लेम, रजेचे अर्ज, औषधांची बिलं, सगळं तपासलं जातं. यात सर्वात जास्त घात करते ती ॲडमिट करताना लिहून घेतलेली एक ओळ. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर विचारतो, शुगर कधीपासून? भेदरलेला मेहुणा सांगतो, बरीच वर्षं झाली, आठ-दहा असतील. कागदावर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ उमटतं. निदान खरं तर वर्षापूर्वीचं आणि पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची असू शकते. म्हणून निदानाची तारीख लिहिलेला कागद घरात सगळ्यांना माहीत असावा, आणि डिस्चार्ज घेताना इतिहासाची ओळ वाचून चूक असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावी. नंतर हॉस्पिटल सहसा बदलून देत नाही.

चौकशीची गरज नसलेला मृत्यूचा क्लेम १५ दिवसांत आणि चौकशीचा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. नकार आला तर कारण लेखी हवंच. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी). महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

लपवलेली प्रत्येक गोष्ट क्लेम बुडवतेच असंही नाही. कंबरेच्या मणक्याचं दुखणं फॉर्मवर लिहिलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आयुर्विमा महामंडळाला क्लेम द्यायला लावला, कारण तो आजार जिवावर बेतणारा नव्हता आणि मृत्यूशी त्याचा संबंध नव्हता. क्षुल्लक कारणावरून नकार आला असेल तर लोकपालाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. तिथली मर्यादा विम्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यांवर मोजतात. त्यामुळे एक कोटीची पॉलिसी असली आणि हप्ते ५० लाखांच्या आत असले, तर आपल्या राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो. नकाराचं पत्र मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत.